बिनसाडीचा आहेर

आहेर म्हटलं की माझं डोकं उठतं. आमच्या कपाटाचा अख्खा खालचा कप्पा देण्याघेण्याच्या साड्यांनी भरलाय. कुणी नेसत नाही, कुणी टाकत नाही. लग्नात आलेली बारशाला जाते, बारशातली जावळाला. टॉवेल-टोपीचं तर विचारूच नका, निवडणुकीतल्या पुढाऱ्यापेक्षा जास्त गावं फिरून आलेली असतात. लेमन सेट खोक्यातून बाहेर न येताच म्हातारे होतात. बायको म्हणते, "रीत आहे ती. तुम्हाला काय त्रास होतो?" होतो मला त्रास.

म्हणून धाकट्या बहिणीनं हातकणंगल्याकडं घर बांधलं आणि वास्तुशांतीला बोलवायला फोन केला, तेव्हा मी आधीच सांगून टाकलं. "हे बघ, साडीबिडी मी काही आणणार नाही. आईचा पाटा आणतो, तुझ्या उपयोगाचा आहे." मिक्सरच्या चटणीला चव नाही म्हणून ती कायम कुरकुरायची. फोनवर ती जराशी गप्प झाली. मग म्हणाली, "आण की दादा. तुला पटंल ते आण."

ते गप्प होणं माझ्या डोक्यातून जाईना. तरी पाथरवटाकडून पाट्याला टाकी मारून घेतली, तो वरवंट्यासकट पोत्यात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवला. बायको म्हणाली, "भाऊ बहिणीच्या दारात दगड घेऊन चाललाय! अहो, माहेरचं नेसून पूजेला बसायचं असतं तिला." मी म्हटलं, "ती समजूतदार आहे." पण स्टिअरिंगवर बोटं वाजवायची काही थांबेनात. वाटेत साडीचं दुकान दिसलं की पाय ब्रेककडं जायचा. गाडी मात्र थांबवली नाही. एकदा नाही म्हटलं की नाही, हा आडमुठेपणा आमच्या घराण्यातलाच.

पोचलो तर बहीण पूजेला बसलेली, अंगावर कोरी करकरीत वांगी रंगाची साडी. मी चपला काढतोय तोवर दाजींच्या चुलतीनं मला दारातच गाठलं.

"पावणं, साडी झकास हाय बघा! काठ तर बघा की! भाऊ असावा तर असा."

माझं तोंड उघडं ते उघडंच. होमाच्या धुरापलीकडून बहिणीनं माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्याचा अर्थ मला लगेच कळला. बायकोनं मागून कोपर मारलं. मी "हं" म्हणालो.

पूजा होईस्तोवर माझ्यानं एका जागी बसवलं नाही. उगीच नळावर जाऊन हात धुतले, नव्या भिंती ठोकून बघितल्या, पुन्हा येऊन बसलो. येणारी प्रत्येक बाई साडीचं कौतुक करून जायची आणि मी मान हलवायचो. दाजींना खरं माहीत होतं की नाही, काही कळेना. ते आपले मन लावून आहुत्या देत होते. आतल्या खोलीत आहेराची खोकी खिडकीपर्यंत गेलेली, त्यात भिंतीवरची घड्याळंच घड्याळं. एरवी मी तिथं उभा राहून भाषण ठोकलं असतं. आज जीभ उचलेना. मी बरोबर होतो, तरी चोरासारखा वावरत होतो, आणि त्याचाच राग येत होता.

जेवणं उरकल्यावर बहीणच माझ्याकडं आली. "पाटा कुठाय?"

मागल्या दारानं आम्ही दोघांनी तो स्वयंपाकघरात आणला. पोतं सोडून ती खाली बसली आणि नव्या टाकीवरून तळवा फिरवत राहिली. डोळे भरून आले, ते तिनं त्याच साडीच्या पदरानं पुसले.

"ही कुठली?" मी विचारलं.

"मीच आणली. दादानं आधीच पाठवून दिलीया म्हणून सांगितलं सगळ्यास्नी."

"मला सांगायचं होतंस. आणली असती की मी."

"सांगून आणलेलं माहेरचं न्हाय होत, दादा." ती चिडली नव्हती, आणि तेच मला सोसेना. "पाटा तू माझ्यासाठी आणलास, कळतंय मला. पण आई-आबा गेल्यावर माझं माहेर म्हंजे तू एकटाच की. ते चार माणसांत दिसायला नको व्हय?"

बाहेरून कुणीतरी हाक मारली. ती उठली, निऱ्या सारख्या केल्या आणि गेली. मी पाट्याजवळ तसाच उभा. बाहेर कुणीतरी साडी कुठली म्हणून विचारलं.

"महाद्वार रोडच्या मोठ्या दुकानातली," माझी बहीण मोठ्यानं सांगत होती. "दादा कुणावर सोपवत न्हाय. सोता जाऊन निवडतोय माझ्यासाठी."