पाळकसाहेबांचा ताप

आमच्या ख्रिस्ती मंडळीत नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले की त्यांना इथल्या जुन्या गोष्टी सांगितल्या जातात. त्यात एक गोष्ट ठरलेली असते. इथे पूर्वी एक पाळक होते, ते चौकशीत आजारपणाचं खोटं बोलले आणि त्यांचा पाळकपणाचा झगा उतरवला गेला. सांगणारा माझ्याकडे बोट करून म्हणतो, "गुरुजी होते त्या चौकशीत, विचारा त्यांना." मी मान हलवतो. आता ऐंशी ओलांडली, मान हलवणं पुरे झालं. ते पाळक खोटं बोलले नव्हते.

एकोणीसशे नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. धरणाचं पाणी कालव्यातून येऊन तेलगावच्या बाजूला ऊस वाढला होता, पण आमच्या माणसांच्या वाट्याला तो तोडण्यापुरताच येई. दसरा झाला की निम्मी मंडळी कोयते घेऊन लांबच्या कारखान्यांवर जायची. मागे राहायचे म्हातारे आणि आजारी. त्यांच्या घरी जाऊन प्रभुभोजन देणं हे पाळकांचं काम. आमच्या ल्यूथरन मंडळीत भाकर आणि द्राक्षरस देण्याचा अधिकार फक्त दीक्षा झालेल्या पाळकाला. मी मिशनच्या शाळेत मास्तर आणि मंडळीचा पंच. हा नियम पोरांकडून मीच पाठ करून घेत असे.

त्या हिवाळ्यात माझी आई अंथरुणाला लागली. अन्न सुटलं, बोलणं कमी झालं. एकच विचारायची, "पाळकसाब आले का?" मी सायकल काढून पाळकांच्या घरी गेलो. पाळकीणबाई दारातच उभ्या राहिल्या.

"सलाम गुरुजी. आज न्हाई जमायचं. लई ताप हाय. लघवीला बी धरून न्यावं लागतंय."

तेव्हाच मी मागे फिरायला हवं होतं. मी दारातूनच मोठ्याने सांगितलं, आई जाते आहे, भोजन मागते आहे. आत पाळकसाहेब दोन वाकळा पांघरून पडले होते. खुंटीला सलाईनची बाटली लटकत होती, ती गावातल्या बिनडिग्रीच्या डॉक्टरने लावलेली. त्यांनी उठायचा प्रयत्न केला. पाय जमिनीला लागले आणि ते खाटेवर बसले ते बसलेच. मग बाईंना भाकर आणि द्राक्षरस आणायला सांगितलं. भिंतीला टेकून, दात वाजत असताना, त्यांनी विधीची वचनं म्हटली. धुतलेल्या फडक्यात भाकर बांधली, रसाची लहान बाटली स्टीलच्या डब्यात ठेवली आणि डबा माझ्यापुढे केला.

"तुम्हीच द्या, गुरुजी."

मला अधिकार नाही, मी म्हणालो.

"ते मीच तुम्हाला शिकवलंय. पण माझा ताप उतरेपर्यंत म्हातारी थांबणार नाही. तुम्ही द्या. जाब विचारला तर मी देईन."

मी माझ्या हाताने आईला प्रभुभोजन दिलं. तिने आधी आपल्या चुका सांगितल्या. बहिणीशी धरलेला अबोला, एका सुनेला लावलेले बोल, असलंच काहीबाही. मग दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. दुसऱ्या दिवशी ती शांतपणे गेली.

पाळकसाहेबांचा ताप टायफॉईडचा निघाला आणि अंगातली शक्ती घेऊन गेला. तो हंगामभर त्यांना लांबच्या गावांना जाता येईना. आणखी काही आजाऱ्यांसाठी त्यांनी तसाच डबा बायबलबाईंबरोबर, म्हणजे मंडळीच्या कामाला असलेल्या विधवा बाईंबरोबर पाठवला. वर तक्रार गेली की पाळक घरात आरामात बसतात आणि प्रभूचा मेज डब्यात घालून बाईमाणसाच्या हाती गावोगाव धाडतात. माझ्या आईच्या डब्याचं मात्र पाळकसाहेब, पाळकीणबाई आणि मी सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

चौकशीला तिघे बसलो. आमच्या साऱ्या मंडळ्यांवर देखरेख करणारे अध्यक्षसाहेब, एक ज्येष्ठ पाळक आणि इथला पंच म्हणून मी. अध्यक्षसाहेब कठोर माणूस नव्हते. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की माणूस खरंच अंथरुणाला खिळलेला असेल तर समज देऊन विषय मिटवू. नसेल, तर त्याने आपली दीक्षा पायदळी तुडवली. डॉक्टरची चिठ्ठी आहे का, विचारलं. नव्हती. बिनडिग्रीचा डॉक्टर कसली चिठ्ठी देणार? साक्षीला पाळकीणबाई घरच्या, बायबलबाई स्वतः आरोपातल्या, बाकीची माणसं उसाच्या फडात. पहिला डबा कुणासाठी पाठवला, असं विचारल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "एका म्हातारीसाठी. नेणाऱ्याचं नाव विचारू नका."

मग अध्यक्षसाहेब माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुम्ही इथलेच. तुम्ही यांना अंथरुणाला खिळलेलं पाहिलंत का?"

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कधी आणि कशाला गेला होता? शाळेत मुख्याध्यापकाची जागा रिकामी होती आणि ती कुणाला द्यायची हे अध्यक्षसाहेबांच्या हातात होतं.

मी म्हणालो, "आजारी आहेत असं कानावर होतं. प्रत्यक्ष पाहिलं नाही."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर येत असूनही पोरगं गप्प उभं राहिलं की मास्तर थोडा वेळ थांबतो, तसे ते थांबले. मग त्यांनी नजर खाली घेतली.

झगा काढून घेतला गेला. एक वर्ष मागच्या भिंतीपाशी बसायचं, मेजाकडे, म्हणजे प्रभुभोजन घ्यायला, जायचं नाही. वर्ष झालं की मंडळीपुढे उभं राहून खोटं बोलल्याची कबुली द्यायची, मग पुनःस्थापना. ते वर्षभर सतरंजीच्या टोकाला बसले. बायकांच्या बाजूला, त्याच भिंतीपाशी, पाळकीणबाई बसू लागल्या. त्यांच्यावर काही शिस्त नव्हती, तरी त्याही मेजाकडे जाईनात. वर्ष सरलं तेव्हा पाळकसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "डबा पाठवला, त्याबद्दल क्षमा मागतो. ताप नव्हता असं मला म्हणता येत नाही." पुनःस्थापना झाली नाही. मी तोवर मुख्याध्यापक झालो होतो.

ते अंबाजोगाईला गेले. मोठ्या दवाखान्याच्या फाटकासमोर कुणाच्या तरी एसटीडी बूथवर बसू लागले. एकदा डोळे दाखवायला गेलो तेव्हा गाठ पडली. मृत्यूची बातमी गावाकडे कळवताना एका बाईचं रडणं थांबेना, म्हणून त्यांनी तिला स्टुलावर बसवून पाणी दिलं होतं. मला पाहून हसले. "या गुरुजी. इथंही लोक दुःख घेऊनच येतात, फक्त इथं मीटर पळतं." मी चष्म्याबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो. जे बोलायचं होतं ते राहिलं. काही वर्षांनी ते गेले. आमच्यात पाळकाला झग्यात पुरतात. त्यांना सदऱ्यात पुरलं.

गेल्या वर्षी मी माजलगावला पाळकीणबाईंकडे गेलो. त्या लेकीकडे असतात. मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मला काय सांगता? दारात मीच हुते की."

मग तेव्हाच का बोलला नाहीत, मी विचारलं.

"त्यांनी बोलू दिलं न्हाई. म्हणले, गुरुजी आज न्हाई तर उद्या बोलतील." जुडी संपवून त्यांनी काड्या गोळा केल्या. "तिथं सांगा. जिथं न्हाई म्हणलात, तिथं."

प्रभुभोजनाच्या रविवारी मी उभा राहिलो आणि सांगितलं. कुणी चिडलं नाही. पुढे बसलेल्या पोरांना मी कुणाबद्दल बोलतो आहे तेच कळलं नाही. जुनी माणसं उरलीत किती? एकजण म्हणाला, "असू द्या गुरुजी, लई जुनं झालं," आणि मला खुर्ची दिली. आताचे पाळक तरुण आहेत, भले आहेत. ते हळूच म्हणाले की वर कळवतो, पण पुनःस्थापना मेजापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाची होते, गेलेल्याची करायची रीत नाही.

मग भोजनाची वेळ झाली. ओळी पुढे जाऊन परतल्या. पाळकीणबाई सकाळच्या गाडीने आल्या होत्या आणि मागच्या भिंतीपाशी बसल्या होत्या. पाळक भाकरीचं ताट घेऊन त्यांच्याकडे पाहत बराच वेळ थांबले. बाईंनी पदर सारखा केला आणि हात मांडीवर ठेवले. त्या उठल्या नाहीत.