दोन फाउस्टिनांचे अंबाडे

विभावरीकाकूंना रोमचा इतिहास कळत नव्हता, आणि तसं त्या स्वतःच सांगत. त्यांना केस कळत. दुबईत ऊद मेथातल्या फ्लॅटमध्ये त्या नवऱ्या मुलींचे अंबाडे घालून देत.

चारुदत्तकाका रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात क्वालिटी बघायचे. छंद रोमन ब्राँझच्या नाण्यांचा, त्यातही राण्या आणि देव्यांच्या. २००२ साली मी नोकरीसाठी त्यांच्याकडे राहायला आलो आणि कॉम्प्युटरवाला म्हणून नाण्यांचं स्कॅनिंग माझ्या गळ्यात पडलं. त्यांची नववीतली मुलगी ओवी त्याच कॉम्प्युटरसाठी रोज माझ्याशी भांडायची.

देव्या सोप्या होत्या. मोर दिसला की जूनो, कणसं दिसली की सेरेस. राण्यांचा नुसता चेहरा. त्यात फाउस्टिना दोन, आई आणि मुलगी, नाव एकच, आणि नाण्यांवरची अक्षरं झिजलेली. काकांनी फाउस्टिनाच्या नऊच्या नऊ नाण्यांना 'धाकटी फाउस्टिना' असं लेबल लावलं. शुक्रवारी संग्राहकांपुढे त्यांचं पहिलंच भाषण होतं.

मंगळवारी काकू स्क्रीनपाशी थांबल्या. "ह्या चार वेगळ्या आहेत."

"पुस्तकाशी चेहरा जुळतोय," काका म्हणाले.

"चेहरा राहिलाय कुठे? केस बघा. हिची वेणी डोक्यावर गुंडाळलीय. हिचा अंबाडा मानेवर आहे."

"विभा, हे पार्लर नाही."

"टाइलवरची केसाएवढी चीर दिसते तुम्हाला. आख्खा अंबाडा दिसत नाही?"

"बघू."

हा शब्द मी त्या घरात एसीच्या दुरुस्तीपासून पुण्याच्या तिकिटांपर्यंत सगळ्याला ऐकला होता. काकूंनी दोन दिवस अबोला धरला आणि दोघांचे निरोप मी पोचवत राहिलो.

गुरुवारी काका हळूच म्हणाले, "त्या चार लेबलांवर 'थोरली' कर. काकूला सांगू नकोस."

शुक्रवारी काकू, ओवी आणि मी दुसऱ्या रांगेत बसलो. पडद्यावर ती चार नाणी आली. काका इंग्रजीत म्हणाले, की बऱ्याच अभ्यासानंतर हा फरक आपल्या लक्षात आला. काकूंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

मागून नाण्यांचे व्यापारी शौकतभाई उठले. "साहब, हर्फ तो मिट गए हैं. माँ कौन, बेटी कौन, कैसे पहचाना?"

"तजुर्बे से," काका म्हणाले.

"किस चीज़ के?"

काकांनी चष्मा पुसला. पाणी प्यायले. मग त्यांनी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं आणि तसेच पाहत राहिले.

"बोला ना," काकू बसल्या जागेवरून मराठीत म्हणाल्या.

"मेरी वाइफ बताएँगी," काका म्हणाले.

काकूंनी पर्समधून कंगवा काढला. "यल्ला, चल ओवी."

"आई, प्लीज. नॉट हिअर."

"दोन मिनिटं लागतील. आधी नाण्यावरच्या आईचा अंबाडा, मग मुलीचा."

ओवी पाय ओढत पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली. काका अजून पडद्यासमोरच उभे होते.

"मध्ये उभे राहू नका," काकू म्हणाल्या. "पिना धरा."