कुंकू लावलेला डबा

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या. आरोपींचे चेहरे विसरलो, कलमंसुद्धा आठवावी लागतात. पण जवसाच्या तेलाचा वास आला की मी अजून बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या ठाण्याच्या व्हरांड्यात जाऊन बसतो, आणि समोर एक सत्तरीचा माणूस मांडीवर रायफल आडवी घेऊन बसलेला असतो. त्याचं नाव सांगणार नाही. गाव त्याला आबाजी म्हणायचं, मीही तेच म्हणतो.

मी तिथे ठाणेदार होतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांनी शस्त्रं ठाण्यात जमा करायची, हा दर वेळचा शिरस्ता. लोक बंदुका कशा आणतात ते पाहिलं की डोकं फिरतं. कुणी गोणपाटात गुंडाळून आणतो, कुणाच्या नळीत कोळ्याचं जाळं असतं. पावती घेतली की निकाल लागेपर्यंत पुन्हा कोणी ढुंकून पाहत नाही. आबाजी मात्र घरी शिवलेल्या खोळीत रायफल घेऊन आले आणि मुद्देमाल सांभाळणाऱ्या आमच्या हवालदाराला बजावून गेले, भिंतीला टेकवून ठेवू नका, आडवी ठेवा. हवालदार माझ्याकडे येऊन कुरकुरला, "साहेब, हा म्हातारा आपल्यालेच शिकवून राह्यला."

पुढच्या रविवारी आबाजी परत हजर. हातात तेलाची बाटली, फ्लॅनेलच्या चिंध्या आणि एक पितळी सळई. मुद्देमाल खोलीत ओल आहे, आठवड्यातून एकदा पुसू द्या, म्हणाले. नियमात असं काही नाही, पण गंज चढला तर तक्रार माझ्याच नावाने होणार. हवालदारासमोर, व्हरांड्यात, नोंदवहीत सही करून, अशी परवानगी दिली.

तीनशे पंधरा बोअरची रायफल. एक गोळी झाडली की बोल्ट मागे ओढायचा, पुढे सारायचा, मग दुसरी. आबाजी बोल्ट काढून कपड्यावर ठेवायचे आणि सळई नेहमी मागच्या बाजूने घालायचे. तोंडाकडून घातली तर नळीचं तोंड झिजतं आणि नेम जातो, हे मला त्यांनीच सांगितलं. एवढी वर्षं खात्यात काढून मला ते ठाऊक नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन थेंब तळहातावर घेऊन लाकडी दस्ता चोळत बसायचे. त्यांच्या हाताला कंप होता, पण दस्त्यावर ठेवला की हात शांत व्हायचा.

शिकार त्यांनी कधी केली नाही. स्पर्धांमध्ये कागदी निशाणावर गोळ्या मारायचे, घरात त्याचे बिल्ले होते. पाच वर्षांपूर्वी सगळं सोडलं. काऊन सोडलं, म्हणून विचारलं तर म्हणाले, "डोये गेले साहेब. गोळ्या खाली जायले लागल्या," आणि तेल चोळत राहिले.

तिसऱ्या रविवारनंतर टपालात निनावी अर्ज आला. आबाजीची नुसती बंदूक काय घेता, त्याचं कपाट पाहा, तो घरी काडतुसं बनवतो आणि शिकाऱ्यांना पुरवतो, असा मजकूर. निनावी अर्जांपैकी बरेच बांधावरच्या भांडणातून आलेले असतात, हाही तसाच असणार हे वाचतानाच कळलं. तरी परवाना काढून पाहिला. काडतूस खरेदीची शेवटची नोंद फार जुनी होती आणि त्यानंतर कितीतरी वर्षं हा माणूस स्पर्धांमध्ये गोळ्या झाडत होता. मग काडतुसं आली कुठून? अर्ज कुठल्याही हेतूने आलेला असो, पाणी मुरत होतं.

दोन पंच आणि आमची एक महिला शिपाई घेऊन घरझडतीला गेलो. मोताळ्याच्या बाजूला कपाशीच्या शेताला लागून घर. आबाजी एकटेच राहत. काही लपवायची धडपड नाही, आरडाओरडा नाही. कपाटाची किल्ली स्वतः काढून दिली. आत हाताने दाबायचं एक छोटं यंत्र, सोनाराचा लहान काटा, काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या, बंदुकीच्या दारूची जवळजवळ संपलेली बरणी आणि पत्र्याचे दोन डबे. एका डब्यात चार भरलेली काडतुसं, दुसऱ्यात सात. सातवाल्या डब्याच्या झाकणावर कुंकवाचं एक बोट उमटवलेलं होतं.

झाडलेली पुंगळी फेकून न देता तिला पुन्हा आकारात आणायचं, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी, मोजून दारू आणि वर गोळी बसवायची, असं ते काम. नेमबाज लोक त्याच्या नादी लागतात, कारण सगळी काडतुसं अगदी सारखी असली तरच गोळ्या एका जागी जातात. पण कायद्याने ते काडतूस बनवणंच झालं. त्याला वेगळी परवानगी लागते आणि ती आबाजींकडे नव्हती. पंचनामा केला, सगळं लाखेने मोहोरबंद केलं, आबाजींना अटक केली. दुसऱ्या दिवशी जामीन झाला आणि रोज ठाण्यात हजेरीची अट लागली.

चौकशीत पहिल्याच वाक्यात कबूल. "मीच भरले साहेब. कोणाले एक देल्लं नाही." दारू कुठून आणली, तर स्पर्धेतल्या एका दोस्ताकडून, आणि तो आता वारलेला. तपासून पाहिलं, खरं निघालं. शिकाऱ्यांचं तर नखभरसुद्धा मिळालं नाही. दुसऱ्या कोणाने फाईल तिथेच मिटवली असती. पण माझा स्वभाव खडूस, मला त्या कंप सुटलेल्या हातांनी झोप लागू दिली नाही. मोहोर लावण्याआधी जप्त काडतुसं एकाला एक लावून पाहिली होती, दिसायला केसाचा फरक नव्हता. आणि हा माणूस चहाचा कप उचलला की अर्धा चहा बशीत सांडायचा.

सोनाराचा लहान काटा त्यांच्या घरातून आणला होता, दारू त्यावरच मोजली जायची. तसलाच एक काटा बाजारातून मागवला, टेबलावर ठेवला आणि चिमटीभर तीळ दिले. म्हणालो, आबाजी, एवढे पारड्यात टाका आणि काटा स्थिर करून दाखवा. त्यांनी चिमूट उचलली आणि तीळ माझ्या टेबलभर पसरले. हात आता कापतात, तेव्हा नव्हते कापत, असं काहीतरी पुटपुटले. मी सरळ आवाज चढवला. कंप दहा वर्षांपासून आहे हे गाव सांगतं, खोटं बोलू नका, भरून देणारा कोण आहे, त्याला कशाला पाठीशी घालता? माणूस असा गप्प झाला की दोन दिवस एक शब्द नाही. वेळेवर यायचे, सही करायचे, बाकावर बसायचे आणि वेळ संपली की जायचे.

कोडं सोडवलं आमच्या महिला शिपायाने. ती पंचनाम्याची प्रत वाचत होती. म्हणाली, "साहेब, कुंकवाचं ते बोट लई बारीक होतं. गडीमाणसाचं नसन ते. अन् काटा सोनाराचा. आबाजीच्या सासरवाडीचं इचारा ना."

आबाजींचं लग्न शेगावच्या एका सोनाराच्या मुलीशी झालं होतं, आणि ती बाई चार वर्षांपूर्वी वारली होती. हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. मी आबाजींना आत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि एवढंच म्हणालो की काडतुसं तुमच्या बाई भरायच्या. त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकवले. मग म्हणाले, "साहेब, तिचं नाव तेवढं तुमच्या कागदावर येऊ देऊ नका. मले काय करायचं ते करा. जिंदगीत कोणी तिच्याकडं बोट दाखवलं नाही. आता मेल्यावर पोलिसाच्या कागदात आरोपी म्हणून लिहान काय तिले?"

मग सगळं सांगितलं. माहेरी बापाच्या काट्यावर बसलेला हात तो, गुंजेचा फरक डोळ्याने ओळखायची. दुपारची कामं आटोपली की दार लावून, पंखा बंद करून बसायची, कारण वाऱ्याने काटा हलतो. आबाजींनी पुंगळ्या पुसून द्यायच्या, तिने दारू मोजायची. एकमेकांशी बोलायचंही नाही त्या वेळात. बिल्ले माझ्या नावाचे, पण अर्धे तिचे, असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. ती सात काडतुसं तिच्या हातची शेवटची. झाडायची नव्हती, टाकवतही नव्हती. कुंकवाचं विचारलं तर म्हणाले, खंडेनवमीला रायफलीची पूजा करायची, तेव्हाचंच असेल.

मेलेल्या माणसावर गुन्हा चालत नाही हे मी त्यांना समजावलं. पण जबाबात नाव आलंच असतं, आणि तेवढंही त्यांना नको होतं. "मीच भरले" हा त्यांचा पहिला जबाब होता. मी तो तसाच राहू दिला, नवा घेतला नाही. वरिष्ठांना तोंडी कल्पना दिली. ते म्हणाले, तुमचं तुम्ही पाहा. हे नियमात बसतं असं मी आजही म्हणणार नाही. महिला शिपायाने दाराबाहेरून सगळं ऐकलं होतं, पण तीही कुठे बोलली नाही.

काही महिन्यांनी न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल आला. नेहमीप्रमाणे निष्कर्षावर नजर टाकून फाईलला लावणार होतो, पण एक ओळ खटकली. साध्या डब्यातली चारही काडतुसं आपसात तंतोतंत सारखी. कुंकवाच्या डब्यातली सातही आपसात तंतोतंत सारखी. मात्र त्या सातांमध्ये दारू मुद्दाम कमी घातलेली, त्यामुळे झाडताना खांद्याला धक्का कमी बसेल आणि लांबच्या निशाणावर गोळी खाली जाईल.

मी खुर्चीत मागे टेकलो. आबाजी मोटारसायकलवरून पडले होते आणि उजवा खांदा निखळला होता, हे त्यांनीच एका रविवारी सांगितलं होतं. डॉक्टर रायफल बंद करा म्हणत होते, पण आबाजी ऐकत नव्हते. त्याच वर्षी स्पर्धेत गोळ्या खाली जायला लागल्या, आणि "डोये गेले" म्हणून यांनी रायफल सोडली. कुंकवाचं बोट पूजेचं नव्हतं. त्यांचा खांदा वाचावा म्हणून भरलेला हलका डबा कुठला आणि भारी कुठला, हे तिला कळावं म्हणून तिने केलेली ती खूण होती.

शिपायाला पाठवून बोलावून घेता आलं असतं. मी स्वतः गेलो. आबाजी अंगणात बाजेवर बसले होते. अहवाल वाचून दाखवला, मग साध्या भाषेत पुन्हा सांगितला. त्यांनी तो कागद मागून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला.

"म्हणजे माही नजर गेली नव्हती," ते म्हणाले.

मी विचारलं, सगळ्या गोळ्या एकमेकींना चिकटून पण खाली जात होत्या, तेव्हा दारूचा संशय कसा नाही आला? एवढे मुरलेले नेमबाज तुम्ही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काही भलतंच बोललो. "माह्या डोयावर संशय आला, हातावर आला, रायफलीवर पण आला. तिच्या काट्यावर कसा येईन?"

रायफल सोडल्यावर दोनच महिन्यांत बाई अंथरुणाला खिळली होती. मी म्हणालो, सांगायचं राहून गेलं असेल त्यांचं. आबाजी म्हणाले, "सांगणार होती का नव्हती, आता कोणाले इचारू साहेब? सांगतलं असतं तं म्या ऐकलं नसतं, भांडलो असतो. भांडायले तरी भेटलं असतं."

अंगणातून शेताच्या पलीकडच्या बांधावर चुना लावलेला एक दगड दिसत होता. घरी सरावाला ते त्याच्यावर रिकाम्या रायफलीने नेम धरायचे. त्यांनी मला एकच मागणं केलं. त्या सातांपैकी जी उरली असतील त्यातलं एक, फक्त एक, झाडू द्या. मी म्हणालो, आबाजी, तो मुद्देमाल आहे, न्यायालयाच्या हुकमाशिवाय मला हातसुद्धा लावता येत नाही. कायद्याप्रमाणे हे उत्तर बरोबर होतं, आणि तसं बोलताना मला स्वतःचा राग आला.

"हाव, ते तं आहेच," ते म्हणाले. मग बाजेला टेकवलेली काठी उचलली, उजव्या खांद्याला लावली, गाल टेकवला आणि दगडावर नेम धरला. हात स्थिर होता. मग काठीचं टोक जरासं, बोटाच्या पेराइतकं वर उचललं आणि तसेच थांबले.

"एवढंच वर धरायचं होतं," म्हणाले.

पुढे आबाजींनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. वय पाहून न्यायालयाने सौम्य भूमिका घेतली. परवाना रद्द झाला, रायफल जमा झाली. तपासणीत वापरून उरलेली काडतुसं हुकमाप्रमाणे नष्ट केली. पत्र्याचे डबेही मुद्देमालाच्या यादीत होते, तेही गेले. डबा परत मिळावा म्हणून अर्ज करता आला असता, हे मला फार उशिरा सुचलं. आबाजींनी तो मागितला नव्हता, पण विचारायचं काम माझं होतं. आता आबाजीही नाहीत.

सगळी नोकरी मी लोक काय लपवतात ते शोधण्यात घालवली आणि लपवणारा म्हणजे गुन्हेगार हे डोक्यात पक्कं बसवून घेतलं. त्या बाईने नवऱ्यापासून एक गोष्ट लपवली, नवऱ्याने तिच्यासाठी माझ्यापासून एक लपवली आणि दोघांच्या मध्ये मी पंचनामा करत बसलो होतो. अहवाल आला त्या दिवशी घरी गेलो तेव्हा बायको ताट वाढत होती. पथ्यामुळे माझ्या भाजीत मीठ कमी असतं हे मला माहीत होतं. त्या दिवशी मी तिला विचारलं, याशिवाय आणखी काय काय कमी केलंयस, मला न सांगता? ती हसली आणि म्हणाली, "जेवा आता. तुमची चौकशी ठाण्यात ठेवा."

मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला ती समोर आहे, एवढंच त्या दिवशी पुष्कळ वाटलं.