पाखऱ्याचा पोळा

आमच्या पाखऱ्या बैलाला फुप्फुसाचा आजार झाला, तेव्हा आम्ही बापलेकांनी मिळून त्याचं तोंड भरून कौतुक केलं.

गोष्ट निजामाच्या अमलातली, त्याच्याच मुलखातल्या वाशीजवळच्या आमच्या गावातली. पोळ्याआधी आठ दिवस झड लागली होती आणि गोठा गळत होता. (गोठा शाकारायचं काम माझं. ते राहिलं, कारण मी घुंगुरमाळ ओवत बसलो होतो!) पोळ्याच्या सकाळी ती माळ मी पाखऱ्याच्या गळ्यात बांधली, आणि ती घडीघडीला छनछन वाजू लागली.

"आप्पा, बघा, जागच्या जागी नाचतोय!" मी वडिलांना म्हणालो.

"लई खुशीत हाय गडी," आप्पा म्हणाले.

पाखऱ्या खोकत होता. खोकल्याचा हिसका बसला की माळ वाजायची आणि माळेच्या आवाजात खोकला बुडून जायचा!

माझी बायको काशी वैरण घेऊन आली आणि तिथंच थबकली. "अवं, कालपासनं ह्यानं कडब्याला तोंड लावलं न्हाय. खाली बसत बी न्हाय. नाकातनं पाणी गळतंय बघा."

"सणाची हौस हाय त्याला! तुला काय कळतंय बैलातलं?" मी तिला उडवून लावलं.

नाकपुड्या फुललेल्या, म्हणजे जोश! मान पुढं ताणलेली, म्हणजे रुबाब! पुढचे पाय फाकवून उभा, म्हणजे छाती बघा, छाती! (दम पुरेनासा झाला की जनावर असंच उभं राहतं, हे मी पुढं शिकलो.)

मिरवणूक वेशीतून मारुतीच्या देवळापुढं आली आणि पाखऱ्याचे पुढचे गुडघे मोडले.

"नमस्कार केला! बैलानं देवाला नमस्कार केला!" लोक ओरडले. आप्पांनी लगेच नारळ फोडला. मी फेटा सावरून चारी बाजूंना बघून घेतलं. एवढा मान आमच्या घराला कधी मिळाला नव्हता.

तेवढ्यात शेळ्या पाळणारे हुसेनचाचा गर्दीतून पुढं आले. "पैले वो घुंगरू निकालो."

"चाचा, सणाच्या दिवशी?"

"निकालो बोला ना!"

मी माळ काढली. चाचांनी बरगडीला कान लावला. "हंडी पकती सरीका आवाज आरा अंदर से." खरं तर कान लावायची गरजच उरली नव्हती. हंडी रटरटावी तशी ती घरघर आता सगळ्या गावाला ऐकू येत होती. बायकांत उभी असलेली काशी पदर तोंडाशी धरून रडायला लागली, पण ‘मी सांगितलं होतं’ असं एका शब्दानं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

मी चिखलातून वाशीला पळालो. सरकारी सलोत्री, म्हणजे गुरांचे डॉक्टर, दौऱ्यावर गेले होते. ते तिसऱ्या दिवशी आमच्याकडं पोचले. पाखऱ्या त्याच सकाळी गेला होता. आप्पा ओल्या फडक्यानं त्याच्या शिंगांचा रंग पुसत बसले होते. त्यांच्याकडं बघायची माझी हिंमत होईना.

सलोत्रीसाहेबांनी वही उघडली. मला उर्दूतलं ‘जी’ तेवढं बोलता येत होतं.

"खाँसी थी?"

"जी."

"नथुने फूले थे?"

"जी."

"गर्दन तनी हुई? बैठता नहीं था?"

"जी. जी."

साहेबांनी लिहायचं थांबवून वर पाहिलं. "सब देखा तुमने! फिर क्या समझे?"

याला ‘जी’ हे उत्तर होत नाही. मी तेच दिलं.