खडखड नव्हे, खुटखुट

बाबांचे कान गेले त्याला आता दोन वर्षं होतील. एका तापाने नेले. यंत्र लावून पाहिलं, पण त्यातून त्यांना नुसता गोंगाट ऐकू येई. सुरुवातीला ते आमच्याशी बोलत, फक्त आपण किती मोठ्याने बोलतोय हे त्यांना कळत नसे. मग मंडळाच्या एका कार्यक्रमात, गाणं ऐन रंगात आलेलं असताना, त्यांनी मला "चहा कधी आहे?" असं विचारलं आणि पुढच्या चार रांगा मागे वळल्या. त्या दिवसापासून बाबा गप्प झाले. आई म्हणते, "चाळीस वर्षं माझं ऐकलं नाही, आता आयतं निमित्त मिळालं." असं म्हणते आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासते.

मला त्यांचं बोलणं परत हवं होतं. अगदी हट्टाने हवं होतं. फरीदाबादच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलेला हा माणूस, मशीन नुसतं ऐकून कुठे दुखतंय ते सांगायचा. रविवारी आम्ही दोघं जीप घेऊन अरवलीतल्या कच्च्या वाटांवर जायचो. मी शाळेतलं काहीतरी रंगवून सांगत असायचे आणि हे मध्येच "शू!" करून मान कलती करायचे, चाकांकडे कान लावून. मी फुगून बसायचे. आज त्या "शू!"साठी जीव तुटतो.

जीप अजून आहे. पेट्रोलची, म्हणून दिल्लीच्या नियमाने रस्त्यावर पंधरा वर्षांची मुदत. त्यातली दोन उरलीत. हॉर्न ऐकू येत नाही म्हणून बाबांनी चालवणं सोडलं. मी एरवी मेट्रोने नोएडाला जाते, पण रविवारी जीप मी काढते आणि ते शेजारी बसतात.

गेल्या हिवाळ्यात पुढून आवाज यायला लागला. स्पीडब्रेकरवरून उतरताना, आणि वळताना. मी गाडी कडेला घेतली आणि फोनवर टाइप करून त्यांना दाखवलं: "पुढून आवाज येतोय. खटखट."

बाबांनी चष्मा लावून वाचलं. "खटखट दारावर होते," ते म्हणाले. "गाडीत कुठली?"

कित्येक महिन्यांनी आलेलं ते सबंध वाक्य होतं. मला इतका आनंद झाला की अपमान वाटून घ्यायचं राहूनच गेलं.

आम्ही दिल्लीत वाढलेली मुलं. सगळ्या आवाजांना मिळून आमच्याकडे एकच शब्द, तोही निम्मा हिंदीचा. बाबांकडे आवाजांचं अख्खं दुकान होतं. ते बोटांवर मोजत सांगायला लागले: काही सैल असलं की खडखड. कोरडं पडलं की करकर. बेअरिंग गेलं की घरघर. पोकळीत काही सुटं फिरत असलं की खुळखुळ. आणि सांधा झिजला की खुटखुट. "आता नीट ऐक आणि सांग."

मी नीट ऐकलं. निदान तसं मला वाटलं. रस्ता खड्ड्यांचा होता, मी लिहिलं, "खडखड." बाबा म्हणाले, मग पुढच्या लिंकचे बुश, त्यातलं रबर सैल झालं असणार. पुढच्या रविवारी ते बदलून घेतले. आवाज जागच्या जागी.

गॅरेजमधला मिस्त्री हसला. "आवाज तो आवाज है, मैडम. चलो, पूरा फ्रंट खोल देते हैं."

मी घरी येऊन रागारागाने लिहिलं, "तुमचं निदान चुकलं." बाबांनी वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "निदान नाही चुकलं. पेशंटने खोटं सांगितलं." ते बरोबर होतं, म्हणून जास्तच लागलं.

तिसऱ्या रविवारी ते स्वतः गॅरेजमध्ये आले. मला आत बसवलं आणि खुणेने सांगितलं, स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. स्वतः पुढच्या चाकामागे उकिडवे बसले आणि हात आत घातला. आधी एका सांध्यावर तळहात, मग दुसऱ्यावर. मिस्त्री हातातलं काम सोडून बघत राहिला. मला खिडकीतून बाबांचं फक्त डोकं दिसत होतं. ते कललेलं होतं, पूर्वीसारखं.

"खुट," ते म्हणाले. मग वर बघून मला विचारलं, "ऐकू आलं?"

ते मला विचारत होते. मी मान डोलावली आणि मला रडू आलं, ते मी स्टिअरिंगवर वाकून लपवलं.

चाक वर उचलून मिस्त्रीने टायरखाली पहार घालून रेटली, तसं चाक चांगलंच वरखाली हललं. खालचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाचा सांधाच, गेलेला होता. रबर फाटलेलं, ग्रीस वाहून गेलेलं, आत गंजाचं लाल पाणी. जुना जॉइंट काही केल्या सुटेना. दोन्ही बाजूंनी हातोडे घातले तेव्हा कुठे हलला. वरचाही ढिला झाला होता, म्हणून दोन्ही बाजूंचे चारही बदलले. "अंकलजी तो डॉक्टर निकले," मिस्त्री म्हणाला. मी ते टाइप करून दाखवलं. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "आणि ही पेशंटची नातेवाईक. सगळं उलटं सांगणारी."

गाडी मऊ चालायला लागली. स्पीडब्रेकरवर काही नाही, वळणावर काही नाही. बाबांनी भुवया उंचावून विचारलं, मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी समाधानाने पाठ टेकली, बाहेर बघत राहिले, आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्याच्या पुढचा रविवार तसाच गेला. त्याच्या पुढचाही. आमच्यात बोलण्यासारखं जे होतं ते आम्ही दुरुस्त करून टाकलं होतं, आणि एवढ्या हौसेने गॅरेजला पळाल्याबद्दल मला माझाच राग येत होता.

एका रविवारी, निघायच्या आधीच, मी फोनवर लिहिलं: "मागून आवाज येतोय. कुरकुर."

बाबांनी वाचलं. खाली उतरले. मागच्या चाकाशी बसले, मला गाडी हलवायला लावली आणि हात ठेवून बराच वेळ तसेच राहिले. तिथे काही नाही हे मला ठाऊक होतं, आणि ते त्यांच्या हातापासून लपणार नव्हतं.

ते उठले, रुमालाला हात पुसले, माझ्याकडे पाहिलं.

"याला कुरकुर म्हणत नाहीत," ते म्हणाले. "चल, गाडीत बस. सांगतो."