इंग्रजीच्या सरांचं नाक

पेणच्या शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या सरांचं नाक त्यांच्या इंग्रजीपेक्षा जास्त बोलायचं. एकदा धड्यात 'स्निफ' हे क्रियापद आलं. सरांनी फळ्यावर अर्थ लिहिले: कुत्र्यासारखं हुंगणं, सर्दीत नाक ओढणं, आणि समोरच्याला तुच्छ लेखून नाकाने झटकन हवा आत घेणं. हा शेवटचा अर्थ आम्हाला शिकवायची गरजच नव्हती. धरमतर खाडीकडच्या आम्ही पोरी मागच्या बाकावर बसायचो, आणि तिथवर आले की सर रोज तेच करायचे. वर म्हणायचे, "काय हा मासळीचा वास! अंघोळ करून येत जा जरा."

मग त्यांनी वाक्यं करायला सांगितली. पुढच्या बाकांवरून नुसती कुत्रीच हुंगत गेली. शेवटी माझ्या शेजारची मैत्रीण उठली. तिची आई सुकी मासळी विकायची, आणि दर शनिवारी अंधार पडला की सर तिच्या घराच्या मागच्या दारी पिशवी घेऊन उभे असायचे. आमच्या अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं.

ती म्हणाली, "सर वर्गात स्निफ करतात. आमच्या घरी बोंबील निवडताना पन करतात. पन तवा डोळे मिटून."

सरांनी रुमाल काढून नाक ओढलं आणि आपल्याला सर्दी झाल्याचं सांगितलं.

त्या शनिवारी पिशवी घेऊन त्यांची बायको आली.