दादांचा भुंगेरा

काळाचौकीत गणपतीचे भक्त घरोघरी सापडतील, पण भुंगेऱ्याचा भक्त म्हणाल तर आमच्या शेजारच्या खोलीतले दादा एकटेच. उमेदीची सगळी वर्षं लालबागच्या मूर्तींच्या कारखान्यात गेलेली, जीव मात्र कॉटन ग्रीनकडच्या एका बंद गोदामामागच्या झाडीत. तिथे पालापाचोळ्याखाली एका जातीचे काळे कुळकुळीत भुंगेरे राहतात. उडणं त्यांना जमत नाही, पण धावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. गोगलगाई फस्त करतात म्हणून दादांना त्यांचं कोण कौतुक! तिथला पाला उचलू नये म्हणून ते झाडूवाल्याला रोज चहा पाजत. एकदा मंडळाची पोरं मंडपाच्या टेकूसाठी तिथले ओंडके न्यायला आली, तर दादा सरळ ओंडक्यावर बसले. "उंदराक देवाच्या पायाकडे जागा दिलात, मगे ह्येका ओंडक्याखाली ऱ्हवांदे," म्हणाले. पोरं हसत परत गेली.

माझी बायको गेली त्या वर्षी मी दार लावून बसायला लागलो. चाळीत दिवसाढवळ्या दार लावणं म्हणजे शेजाऱ्यांशी भांडण काढणंच, पण कुणी काही बोललं नाही. फक्त दादा रोज सकाळी सातला कडी वाजवत. "जरा चल रे. बॅटरी धरूक कोण नाय. माझे हात थरथरतत." म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी कुरकुरत जायचो, ओंडक्याखाली उजेड पाडायचो. एकदा आगाऊपणानं मी भुंगेरा चिमटीत धरला, तर त्यानं बोटांवर असं काही फवारलं की दोन दिवस जेवताना वास येत होता. "ओळख झाली," दादा म्हणाले. मला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी आलं.

श्रावणात त्यांचा घरी राहिलेला डबा द्यायला मी कारखान्यात गेलो. दादा गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत होते. श्वास रोखून, बारीक कुंचल्यानं, एका ओढीत त्यांनी पापणीची रेघ काढली. हात जरासुद्धा हलला नाही. मी डबा ठेवून गुपचूप परत आलो, आणि दुसऱ्या दिवशी सात वाजायच्या आधीच दार उघडून बसलो.

आता दादांचे हात खरोखरच थरथरतात. आखणी सुटली तसे ते बाहेर पडेनासे झाले. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला ते फेडायचेही नाहीत. मी रोज सकाळी सातला त्यांची कडी वाजवतो आणि सांगतो, "दादा, जरा चला. माझी नजर अधू झालीय, मला एकट्याला भुंगेरा दिसत नाही." दादा माझ्याकडे निरखून बघतात आणि चपला शोधायला लागतात.